डावा ब्रेक

खंडूने सपनाचा उजवा हात दारात चेमटवला, तो एकदा नाही, दोनदा. पहिल्यांदा रागाने. दुसऱ्यांदा, पहिला नीट बसला की नाही ते बघायला.

सपनाने हे सांगितलं तेव्हा नीला एका चाकाचा आऊट, म्हणजे वाकडेपणा, काढत बसली होती. तिने चाक फिरवायचं थांबवलं नाही. हात थांबले असते तर ते कुठेतरी गेले असते, आणि तेव्हा समोर मारायला कोणी नव्हतं.

"किती बोटं?"

"चार. अंगठा वाचला, ताई. कडी धरून होते ना, तो बाहेर राहिला."

"बरं झालं. घंटी वाजवता येईल."

सपना पहिल्यांदा हसली. ओठ फाटलेला होता, त्यामुळे अर्धंच हसली.

खंडू म्हणजे नीलाचा पाठचा भाऊ, सपना त्याची बायको. बाईने नवऱ्याचं घर सोडून नणंदेकडे राहायला यायचं, ही बातमी पार्कसाईटच्या चाळीतल्या बायकांना दिवाळीपासून नाताळपर्यंत पुरली. "माहेरी नाही का कोणी?" असं कोणी विचारलं की नीला म्हणायची, "आहे ना, मी आहे," आणि हातातला पाना जरा जोरात ठेवायची. मग विचारणारीला घरी दूध उतू जाताना दिसायचं.

नीलाचं दुकान, आणि त्यातच मागे राहायची खोली, विक्रोळीच्या टेकडीवर, उताराच्या अगदी डोक्यावर. गिरणी बंद पडल्यावर वडिलांनी तिथे भाड्याच्या सायकली ठेवल्या होत्या. खंडूला तेलाचे हात आवडले नाहीत, म्हणून वडिलांच्या मागे दुकान नीलाकडे राहिलं. लग्न करायचंही राहिलं. एकोणपन्नास वर्षांत तिने ते शोधायला मागे वळून बघितलं नव्हतं. भाड्याच्या सायकली गेल्या, मग ती भंगारातून सायकली जोडायला लागली. कोणाची फ्रेम, कोणाचा पुढच्या चाकाचा चिमटा, कोणाची चाकं. कुठे शिकलात विचारलं तर म्हणायची, "चुकून."

डिसेंबर लागला की मुंबईकराला थंडी आणि तब्येत एकदमच आठवते. मुलुंडहून, पवईहून माणसं पहाटे सायकली हाणत येतात, डोक्यावर हेल्मेट, खाली माकडटोपी, आणि टेकडी चढून आल्यावर हिमालय केल्यासारखी दम खातात. त्यांच्या सायकलींपेक्षा नीलाच्या सायकली हलक्या चालतात हे त्यांच्यात पसरलं होतं. हिवाळ्यात तिला मान वर करायला फुरसत नसे. पण त्या डिसेंबरात तिने सगळी कामं भिंतीला टेकवून ठेवली आणि सपनाची सायकल बांधायला घेतली.

कारण सोपं होतं. सपना भांडुपच्या एका लॅबमध्ये रक्ताच्या नळ्यांवर नावांच्या चिकटपट्ट्या लावायची. प्लास्टर निघाल्यावर डाव्या हाताने लावेन म्हणाली, आणि लॅबवाले हो म्हणाले. पण जायचं कसं? खंडू बसस्टॉपवर उभा असे, रिक्षाच्या रांगेत उभा असे. खंडूला उभं राहायचीच सवय होती. एका बिल्डरसाठी तो जागा खाली करून घ्यायचा, म्हणजे दारात जाऊन उभा राहायचा आणि आतली माणसं बाहेर येईनात तर आत जायचा. सायकल मात्र गल्लीबोळातून जाते. तिला स्टॉप नसतो.

भंगारवाला शिवदास उताराच्या मध्यावर बसतो. मूळचा बुलढाण्याचा. बापाने विहारात बसून त्याला वाचायला शिकवलं, त्यामुळे रद्दी तोलायच्या आधी तो ती वाचून काढतो.

"घ्या नीलाबाई, परदेशी माल," त्याने गोणपाटातून एक मागचं चाक काढलं. "पेडल उलटं मारलं की थांबतं. मला वाटलं बिघडलंय, तीनदा लाथ घातली."

"लाथ घालून सुधारतं असं तुम्हा पुरुषांना कोण शिकवतं?"

"माफी असावी," शिवदास चाकाला म्हणाला.

फ्रेम घाटकोपरच्या एका सोसायटीच्या जिन्याखाली गंजत पडलेली लेडीज सायकल. पुढचं चाक आणि ब्रेक कुठल्यातरी आपटलेल्या शर्यतीच्या सायकलचे. तो ब्रेक असा, की नुसतं बोट लावलं तरी चाक दाताने धरल्यासारखं धरायचा.

आणि इथे नीला दोन दिवस अडली. आपल्याकडच्या सगळ्या सायकलींना उजव्या हाताला पुढचा ब्रेक असतो, डाव्या हाताला मागचा. सपनाचा उजवा हात हॅंडलवर नुसता ठेवता येत होता, मेलेल्या कबुतरासारखा. मूठ वळत नव्हती. शेवटी नीलाने पुढच्या ब्रेकची वायर डाव्या हाताला घेतली. मागचा ब्रेक पायात होताच. उजव्या बाजूला फक्त घंटी लावली, अंगठ्यासाठी.

मग नेलपॉलिशची बाटली घेऊन तिने डावा ब्रेक लालभडक रंगवला.

"हे काय, नटवताय?"

"धोक्याची खूण आहे. ऐक. उतारावर पायाने थांबायचं. पेडल मागे दाबायचं. हा लाल सपाटीवर, तोही हळू. उतारावर दाबलास तर सायकल जागच्या जागी राहील आणि तू पुढे जाशील. तोंडावर."

"उतारावर पाय," सपना म्हणाली.

रोज सकाळी साडेसहाला दोघी बाहेर पडायच्या. टेकडीवर धुकं आणि शेकोट्यांचा धूर एकमेकांत मिसळलेला असायचा. सपना नीलाचा जुना स्वेटर घालून सीटवर बसायची आणि नीला मागे कॅरियर धरून पळायची. पन्नाशीच्या बाईने छत्तीसच्या बाईला सायकल शिकवायची, हा खेळ बघायला चाळ ब्रश तोंडात घेऊन उभी राहायची.

"पाय, सपना! पाय, पाय!"

कोणाच्यातरी मागे असं ओरडत पळायची नीलाची ही दुसरी खेप. पहिली सदतीस वर्षांपूर्वीची, याच उतारावर. वडिलांची हाफ सायकल, वर सात वर्षांचा खंडू, मागे बारा वर्षांची ती. तेव्हा ती ओरडायची, "डावा, खंड्या! डावा!" उतारावर डावा दाबायचा, उजव्याला हात लावायचा नाही, एवढाच धडा. खंडूने पहिल्याच दिवशी उजवा दाबला आणि हॅंडलवरून उडून हनुवटी फोडून घेतली. पाच टाके. आईने त्याला कडेवर घेतलं आणि नीलाला हाताला लागलेल्या सायकलच्या पंपाने मारलं. "माझ्या झिलाचा तोंड फोडलंस गे!" मारता मारता आई रडत होती, खंडूही रडत होता, आणि टाक्यांमधून बोबडं म्हणत होता, "बायला मारू नको, मीच उजवा दाबला." मोठ्या बहिणीला तो बाय म्हणायचा.

नंतर मात्र तो चुकला नाही. बाकी कुणाचं काहीच त्याने आयुष्यात ऐकलं नाही, ना बापाचं, ना मास्तरांचं, पण उतारावर त्याचा डावा हात आपोआप वळायचा. "बायने शिकवलंय," असं तो लोकांना सांगायचा. माणूस सबंध वाईट असता तर किती सोयीचं झालं असतं.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात खंडूने शिवदासला गाठलं. सपना कितीला निघते, कुठल्या रस्त्याने जाते, एवढंच विचारलं.

"मला काय माहीत? मी लोखंड ओळखतो, माणसं नाही."

खंडूने तराजूतलं पाच किलोचं माप उचललं आणि त्याच्या तोंडावर घातलं. शिवदास पडला. खंडूने शांतपणे आणखी एकदा घातलं, यावेळी गुडघ्यावर, आणि माप परत तराजूत ठेवून निघून गेला. वस्तू जागेवर ठेवायची शिस्त त्याला लहानपणापासून होती.

चौकीत साधी नोंद करून घेतली. नीला शिवदासला धरून परत आणत होती. त्याचे पुढचे दोन दात गेले होते, वरचा ओठ नाकाला चिकटल्यासारखा सुजला होता.

"पितळेचे अशते तर वजनाला लावले अशते," तो म्हणाला.

"बोलू नका. रक्त येतंय."

"नीलाबाई, तो त्या पोरीला मारून टाकील. मी डोळे बघितले त्याचे. रागच नव्हता."

नीलाने त्या दिवशी दुकानाला नवी कडी बसवली. ती कडी आठवडाभरच उपयोगी पडली.

सपनाने एकटीने भांडुपला जायचा पहिला दिवस सोमवार ठरला होता. पावणेसातला नीलाने सायकल बाहेर काढली, दाराशी उभी केली आणि हवा बघायला वाकली. सपना आत डबा भरत होती. धुक्यातून खंडू आला. हातात लोखंडी सळई होती, आणि अंगात चांगलं इस्त्रीचं जाकीट.

"बाय, बाजूला हो."

"घरी जा, खंड्या."

"घरीच चाललोय. माझं माणूस घेऊन. नाही आली, तर तिला इथेच संपवतो आणि मग जातो."

"ती तुझी सळई आहे का, की तू म्हणशील तिथे ठेवशील?"

नीला दारात हात पसरून उभी राहिली. लहानपणी आई पट्टी घेऊन यायची तेव्हा ती याच्यासाठी अशीच उभी राहायची. त्याला ते आठवलं असावं, कारण क्षणभर तो थांबला. मग सळई आडवी फिरली. नीलाला आवाज आधी ऐकू आला, दुखलं नंतर. डाव्या बाजूच्या बरगड्या. ती दुमडली तसा त्याने गुडघा वर घेतला आणि तिच्या तोंडात घातला. दात ओठातून आरपार गेला. ती उंबऱ्यात आडवी पडली, आणि तिला ओलांडून तो आत गेला. तिच्या अंगावर पाय पडू नये म्हणून त्याने पाय उचलला. हे तिने पाहिलं. तिला त्याचा फार राग आला, मारण्याहून जास्त.

आत डबा आपटला. सपनाची किंकाळी, मग सळई कपाटावर बसल्याचा आवाज, मग सपनावर. हे दोन आवाज वेगळे असतात.

"हात वर कर. कर वर! दुसरा पण ठेवत नाही आता."

नीला कोपरांवर सरकत आत वळली. सपना कामाच्या फळीला पाठ लावून उभी होती. कपाळ उघडलं होतं आणि रक्त डोळ्यात जात होतं. तिचा डावा हात मागे फळीवर काहीतरी चाचपत होता. खंडूने तिचे केस मुठीत धरले, डोकं फळीवर आपटलं, एकदा, पुन्हा. तिसऱ्यांदा वर ओढलं तेव्हा तिच्या डाव्या हातात छऱ्यांचा डबा आला होता. तिने तो त्याच्या डोळ्यांवर मारला. डबा फुटला. बेअरिंगचे हजारभर छर्रे शहाबादी फरशीवर सांडले आणि खंडूचे दोन्ही पाय एकाच वेळी निरनिराळ्या दिशांना निघाले. तो पाठीवर पडला, डोकं ऐरणीवर बसलं.

"पळ!" नीला रक्त थुंकत ओरडली. "खाली शिवदासकडे! पळ!"

सपना तिला ओलांडून बाहेर पडली. सायकल तिच्यासमोर होती. पण जिवावर बेतलं की माणूस नवं शिकलेलं विसरतं आणि जुन्या पायांवर जातं. ती अनवाणी उतारावरून धावत सुटली.

खंडू उठला. पुन्हा घसरला, पुन्हा उठला, भिंत धरत दारापर्यंत आला. नीलाने त्याचा घोटा धरला. त्याने सळईचं टोक तिच्या मनगटावर मारलं, आणि तिची बोटं तिला न विचारता सुटली. खाली धुक्यात सपनाचा स्वेटर दिसत होता, पाव उतारावर. धावून ती सापडली नसती. त्याने दाराशी उभी असलेली सायकल ओढली आणि टांग टाकली.

नीलाच्या मनात सायकलचा एकेक भाग आला. पुढचा ब्रेक. डावी वायर. लाल रंग. त्याच्या उजव्या हातात सळई होती, हॅंडलवर फक्त डावा हात. पेडलचं त्याला काहीच माहीत नव्हतं.

ती दाराची चौकट धरून उठली. सायकल सुटली होती. तिनेच बांधलेली, तिनेच वंगण घातलेली, कुठेही न कुरकुरणारी. भराभर वेग घेत होती. सपनाने मागे बघितलं आणि ती अडखळली. तिच्यात आणि खंडूत वीस हात राहिले, पंधरा राहिले. खंडूने सळई खांद्यामागे उचलली.

थांबून मारायचं, तर आता त्याला ब्रेक लागणार होता.

"खंड्या!" नीला ओरडली. सकाळ इतकी शांत होती की आवाज उतारभर गेला. "डावा—"

पुढचा शब्द तिच्या जिभेवर होता. 'नको'. दोन अक्षरं. तेवढ्याने तो वाचला असता. त्याने ब्रेकवरचं बोट काढलं असतं, सायकल तशीच पुढे गेली असती, आणि सळई सपनाच्या डोक्यात गेली असती. हे सगळं तिने शब्दांत मांडलं नाही, तेवढा वेळच नव्हता. तिने फक्त तोंड मिटलं. दोन अक्षरं रक्ताबरोबर गिळली.

खंडूने डावा दाबला. जोरात, पूर्ण मुठीने, तिने शिकवल्यासारखा.

पुढचं चाक जागच्या जागी मेलं. मागचं वर उठलं, सीट वर उठली, आणि खंडू हॅंडलवरून निघाला तो सपनाच्या बाजूने, तिच्या केसांना वारा लागावा इतक्या जवळून. सळई हातातून सुटून रस्त्यावर वाजत गेली. तो गटाराच्या दगडी काठावर तोंडावर पडला. त्याच्या मानेचा आवाज शिवदासने दुकानात ऐकला. नंतर तो म्हणाला, ओल्या फांदीसारखा आवाज आला. सायकल दोन पलट्या खाऊन त्याच्या पाठीवर येऊन पडली. मागचं चाक बराच वेळ फिरत राहिलं. आऊट अजिबात नव्हता त्याला.

नीला बरगड्या धरून खाली पोचली तेव्हा सपना रस्त्यात बसली होती, गुडघे छातीशी घेऊन. शिवदास तिच्या कपाळावर स्वतःचा मफलर दाबून उभा होता. खंडूचा जबडा एका बाजूला गेला होता, हनुवटी पुन्हा तिथेच फुटली होती, जुन्या टाक्यांवर. डोळे उघडे होते. नीला त्याच्या शेजारी टेकली.

"बाय," तो म्हणाला. रक्ताचा बुडबुडा आला आणि फुटला. "हात कुठायत माझे?"

हात त्याच्या अंगाखाली होते. तिने सांगितलं नाही.

दुपारी जबानी घ्यायला हवालदार आला. त्याने सायकल उलटी-पालटी करून पाहिली.

"हा ब्रेक उलटा का?"

"जिच्यासाठी केली, तिचा उजवा हात चालत नाही."

"का?"

"त्याने मोडला."

हवालदार थोडा वेळ लिहीत होता. मग त्याने पेनाला टोपण लावलं. "आणि त्याला माहीत नव्हतं?"

"हात मोडल्याचं माहीत होतं," नीला म्हणाली.

खंडू मेला नाही. मानेखालचं सगळं गेलं, वरचं राहिलं. हॉस्पिटलातून त्याला एका आश्रमात हलवलं, तिकडे मुंबईबाहेर, वासुंद्रीजवळ. सपना एकदाही गेली नाही, आणि तिने जावं असं नीलाने सुचवलंही नाही. सपनाच्या कपाळाला अकरा टाके पडले. फेब्रुवारीत, थंडी उतरायच्या आत, ती भांडुपला सायकलने जायला लागली. तीच सायकल. नीलाने पुढचं चाक नवं बांधलं, बाकी काही बदललं नाही. "ही नको, दुसरी देते," ती म्हणाली होती. सपनाने मान हलवली. "हिला मी ओळखते, ताई."

नीला दर रविवारी डब्यात पेज घेऊन आश्रमात जाते. उशी वर करते, टॉवेल गळ्याशी खोचते, चमच्याने भरवते. तो चांगला खातो. मीठ कमी असलं तर सांगतो. जाकिटाचं काय झालं ते विचारतो. सपनाबद्दल विचारत नाही.

परवा पेज संपत आली असताना तो म्हणाला, "बाय, त्या दिवशी तू ओरडलीस. काय ओरडलीस?"

चमचा वाटीत थांबला. खिडकीबाहेर कोणीतरी खाटेच्या लोखंडी पट्ट्या घासत होतं.

"डावा," नीला म्हणाली.

"हां." त्याने डोळे मिटले. चेहऱ्यावर कसलंसं समाधान होतं, सात वर्षांच्या मुलाचं. "मग बरोबर ऐकलं मी. ऐकलं ना तुझं?"

"ऐकलंस," ती म्हणाली, आणि हनुवटीच्या व्रणावर ओघळलेली पेज टॉवेलच्या टोकाने पुसली. वाटीत अजून दोन चमचे होते. तिने एक भरला, फुंकर घातली. "आ कर."